पूर्ण नावांचा मेळावा

आमच्या वर्कशॉपच्या सरांना कुरकुरणारं दार सहन होत नसे. माणसांची कुरकुर ते शांतपणे ऐकून घेत, कारण तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही हे त्यांचं आधीच ठरलेलं असे. पण दार वाजलं की संपलं. जेवणाच्या डब्याच्या पिशवीतच त्यांची तेलाची छोटी बुधली असायची. एकदा उशिरा येण्याबद्दल प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं, तर सरांनी आत शिरताच बिजागरीत दोन थेंब सोडले, दार तीनदा उघडून मिटून पाहिलं आणि मग खुर्चीवर बसत म्हणाले, "हं, आता बोला." तोवर प्राचार्य काय बोलायचं तेच विसरले होते. एका विद्यार्थ्याच्या बहिणीच्या लग्नात त्यांनी ऐन वेळी स्टेजवरचा पंखा बंद करायला लावला होता. त्याचं बेअरिंग गेलंय, नवरा-नवरीच्या डोक्यावर नको, असं त्यांचं म्हणणं. त्या दोघांनी घामाघूम होऊन लग्न लावून घेतलं.

कॉलेज आमचं सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या पुढे. सर राहायचे धायरीला. म्हणजे रोज अख्खं पुणं ओलांडून स्कूटरवर यायचं. घराजवळ तीन इंजिनियरिंग कॉलेजं असताना इतक्या लांब का येता, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "तिथे वर्कशॉप नाही, शोकेस आहे. यंत्रांना हात लावला तर ती रडतात." कारखान्यात अडतीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढून, निवृत्त होऊन ते आमच्याकडे आले होते. हुद्दा इन्स्ट्रक्टरचा, त्यामुळे काही प्राध्यापक त्यांना 'सर' म्हणताना जरा अडखळत. सरांना त्याचं काही नव्हतं. ते त्या प्राध्यापकांना 'साहेब' म्हणत, आणि ते ऐकताना प्राध्यापकच जास्त अवघडत.

पहिल्या वर्षाला लोखंडाचा तुकडा कानस मारून बरोबर काटकोनात आणायचा असतो. सर त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडे धरत. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून केसाएवढी जरी फट दिसली तरी तुकडा परत. "उजेड दिसतोय" एवढंच म्हणायचे. जगात सगळीकडे हे आशेचं वाक्य असेल, आमच्या वर्कशॉपमध्ये त्याचा अर्थ आणखी दोन दिवस कानस असा होता. काही मुलं हा तुकडा बाहेरून करून आणत. सर ओळखायचे. कानशीचे ओरखडे म्हणजे हस्ताक्षर असतं, असं त्यांचं मत, आणि ते तुकडा परत देताना "ज्यांनी केलंय त्यांना माझा नमस्कार सांगा" म्हणायचे.

माझा तुकडा आठ वेळा परत आला. तळहाताला फोड आले होते आणि मला रडू यायला लागलं होतं. नवव्या वेळी सर तुकड्याकडे न बघता माझ्या हातांकडेच बघत उभे राहिले. मग विचारलं, "डावरी आहेस?" मी हो म्हटलं. मग सांगितलं का नाहीस, तर म्हटलं, कुणी विचारलं नाही. "मी विचारायची वाट बघत बसणार होतीस? तुकडा बिचारा काय करेल." दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या कोपऱ्यातला, तुकडा पकडून ठेवायचा एक व्हाइस त्यांनी बेंचवरून सोडवून, उलट्या बाजूला फिरवून, पुन्हा आवळून ठेवला होता. तुकडा त्या दिवशीच पास झाला. त्यांच्या तोंडून शाबासकी वगैरे काही निघाली नाही. पण दरवर्षी नव्या वर्गाला ते आधी विचारायला लागले की डावरे कोण कोण, हात वर करा, लाजू नका.

लाजण्याचं म्हणाल तर मी त्यात पदवीधर होते. मी भंडारा जिल्ह्यातली, वडील राईस मिलमध्ये मशीनवर. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतल्या मुलीने मला विचारलं, "पूर्ण नाव काय तुझं?" पुण्यात हा प्रश्न फार गोड आवाजात विचारतात. मी सांगितलं. आमच्याकडचं आडनाव, ऐकणाऱ्याला घर, गल्ली, गौतम बुद्धाचा फोटो सगळं एका दमात दिसतं. ती "अच्छा" म्हणाली. त्या 'अच्छा'नंतर तिच्या डब्यातली चटणी माझ्यापर्यंत कधी आली नाही. भांडण नाही, काही नाही, नुसतं 'अच्छा'. तेव्हापासून मी स्नेहा अशोक झाले. अशोक हे वडिलांचं नाव, त्यामुळे खोटं काहीच नव्हतं. फक्त गाडी शेवटच्या स्टेशनाच्या आधी थांबायची.

आपल्या समाजांतल्या, म्हणजे बौद्ध, मातंग, चर्मकार, भटक्या घरांतल्या, इंजिनियर होऊन बऱ्या जागी बसलेल्या मंडळींनी पुण्यात दरवर्षी एक करिअर मेळावा भरवायला सुरुवात केली होती. एक दिवसाचा. ज्या कंपन्यांमध्ये ही मंडळी होती त्या कंपन्या टेबलं लावायच्या, मुलाखती तिथेच व्हायच्या. सर पहिल्यापासून त्यात होते आणि दरवर्षी कॉलेजमधली सात-आठ मुलं घेऊन जायचे. निवड त्यांची. "तू येणार आहेस" एवढं सांगून मोकळे. कशाला, कुठे, हे मला मैत्रिणीने समजावलं.

त्याआधी सहा रविवार धायरीला त्यांच्या घरी तालीम. मुलाखत घ्यायला काकू, सरांच्या पत्नी. काकू महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झालेल्या, आणि त्यांचा प्रश्न एकच असायचा: "बाळा, हे मला समजेल असं सांग." मोठमोठी इंग्रजी वाक्यं पाठ करून आलेली मुलं तिथे पार गळपटायची. मी माझ्या प्रोजेक्टबद्दल बोलायला लागले की काकू तोंडावर हात ठेवून ऐकत आणि शेवटी म्हणत, "यात तू कुठेयस?" मला वाटायचं, यांना इंजिनियरिंग कळत नाही. सर तोवर कोपऱ्यात बसून मिक्सर उघडून बसलेले असत. आमचे रेझ्युमे ते वाचायचेच नाहीत. कागद काय, कुणीही छापतं, मी माणूस बघतो, असा त्यांचा खाक्या. पुढे जो घोटाळा झाला त्यात त्यांच्या या खाक्याचाही वाटा आहे, हे त्यांनी नंतर कबूल केलं.

माझ्यासाठी तो मेळावा म्हणजे शेवटची बस होती. कॉलेजात आलेल्या कंपन्यांनी दोनदा मला शेवटच्या फेरीत परत पाठवलं होतं. बाबा फोनवर म्हणाले होते, "नाही जमलं तर ये वापस, बेटा. इथं शाळेत शिकवशील. त्यात काही कमीपणा नाही." कमीपणा नव्हताच. पण मला यंत्रं करायची होती, आणि मेळाव्याच्या यादीत एकच कंपनी माझ्या कामाची होती: धान्य सडण्या-दळण्याची यंत्रं बनवणारी. मी त्यांच्याकडे आधीच रेझ्युमे पाठवला होता आणि त्यांनी निवडलेल्या आठ नावांत माझं नाव होतं. म्हणजे स्नेहा अशोक होतं.

मेळावा एका मंगल कार्यालयात होता. आदल्या दिवशीच्या लग्नाची नावं थर्माकोलमध्ये कापून स्टेजवर अजून लावलेली होती, आणि जिथे काल जिलबी असेल तिथे आज कंपन्यांची टेबलं होती. तीनशेच्या वर मुलं इस्त्रीचे शर्ट घालून, मांडीवर फाईल घेऊन बसलेली. कुणी चंद्रपूरचं, कुणी लातूरचं, कुणी इथलंच. सर सकाळीच शिडीवर चढले होते, कारण एक पंखा आवाज करत होता.

दहा वाजता माइकवरून नावं पुकारायला सुरुवात झाली. पहिलं नाव, राहुल संजय. चार जण उठले. मंडळी हसली. मग पूजा राजेंद्र, तर दोन डावीकडून आणि एक उजवीकडून. पुकारणाऱ्या स्वयंसेवकाने कागद उलटून पाहिला, मागेही आडनाव नव्हतं. तो पुढचा कागद बघतो, त्यावर नाही. त्याच्या पुढच्यावर नाही. निम्म्याहून जास्त कागदांवर मुलाचं नाव, बापाचं नाव, आणि पुढे फोन नंबर. महाराष्ट्राच्या टोकाटोकांवरून आलेल्या, एकमेकांना कधी न पाहिलेल्या मुलांनी प्रत्येकाने आपापल्या खोलीत बसून तीच शक्कल लढवली होती. आणि लपवलेलं आडनाव घेऊन सगळे अशा एकाच जागी आले होते जिथे ते लपवायची कुणालाही गरज नव्हती.

मला हसू येत होतं, ते फार वेळ टिकलं नाही. मी पाणी प्यायला गेले होते तेवढ्यात स्नेहा अशोक पुकारलं गेलं, आणि परत येऊन बघते तर धान्ययंत्रांच्या टेबलावर दुसरीच स्नेहा अशोक बसलेली. ती परभणीची, सिव्हिलची. समोरच्यांच्या हातात माझा कागद आणि ते तिला माझ्या प्रोजेक्टबद्दल विचारत होते. ती बिचारी पुलांबद्दल सांगत होती. मी तिथल्या स्वयंसेवकाला म्हटलं की स्नेहा अशोक मी आहे. त्याने यादी पाहिली. म्हणाला, "ताई, तुमचं झालंय. टिक आहे." जेवणानंतर दोन मुलाखती उरल्या होत्या आणि मग ते लोक निघणार होते.

मी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. सर शिडीवरून उतरून आले, हात पुसत. काय झालं विचारलं. मी रेझ्युमेची दुसरी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला आणि सहा रविवारांत पहिल्यांदा माझा कागद वाचला. बराच वेळ पहिल्याच ओळीवर होते.

"पुढचं कुठंय?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, आता बोलणी बसणार, पुणेरी, कापून मीठ लावल्यासारखी. पण ते माझ्या शेजारी पायरीवर बसले आणि मग जे सांगितलं ते त्यांनी वर्कशॉपमध्ये कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

ते सोलापूरकडच्या खेड्यातून कारखान्यात अप्रेंटिस म्हणून आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. संध्याकाळच्या डिप्लोमाच्या वर्गाला जवळ पडेल म्हणून नारायण पेठेत खोली शोधत होते. तीन दारांत आडनाव सांगितलं आणि तिन्ही खोल्या आजच गेलेल्या निघाल्या. चौथ्या दारात त्यांनी गावाच्या नावाला 'कर' लावून सांगितलं. खोली मिळाली. मग कागदांवर तेच हवं म्हणून रीतसर अर्ज करून, गॅझेटात छापून नाव बदलून घेतलं. आम्ही ज्या आडनावाने त्यांना ओळखत होतो ते हे. घरमालकीणबाई स्वभावाने चांगल्या होत्या. सणाला पुरणपोळी पाठवायच्या, ताप आला तेव्हा उशाशी बसल्या. "चार वर्षं मी त्या घरात जेवलो. पण जेवलो तो मी, की गॅझेटातला तो, ते मला अजून कळलेलं नाही." एकदा त्यांचे वडील भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन गावाहून भेटायला आले. सर त्यांना कोपऱ्यावरच भेटले, हॉटेलात चहा पाजला आणि तिथूनच परत स्टँडवर सोडलं. खोलीवर नेलं नाही. बोलता बोलता वडिलांच्या तोंडून नाव गेलं असतं म्हणून.

"त्यांनी काही विचारलं नाही. शेंगा दिल्या आणि म्हणाले, तू बरा आहेस ना, मग झालं."

माझेही बाबा एकदा वसतिगृहावर आले होते आणि मी त्यांना कॅन्टीनच्या मागच्या बाकावर बसवलं होतं. मी ते सरांना सांगितलं. तेव्हा मला रडू आलं, आणि मी ते आवरलंही नाही. सर उठले, पँट झटकली आणि तडक स्टेजवर गेले. माइकवाल्याला काही विचारलं नाही, माइक घेतलाच.

"पंख्यांबद्दल बोलायला आलेलो नाही," ते म्हणाले. "सकाळपासून इथे चार राहुल संजय उभे राहिलेत. एका मुलीची मुलाखत दुसरीने देऊन टाकली. आपण सगळे आपल्याच घरात मागच्या दाराने शिरलोय. मला ही विद्या चांगली येते, मीही तेच केलंय, म्हणून सांगतो. इथे कुणाला खोली भाड्याने घ्यायची नाहीये. आपापला कागद परत घ्या आणि पूर्ण नाव लिहा. पेन नसेल त्याने माझ्याकडून पेन्सिल न्यावी. परत करावी."

मग मागच्या रांगेतली कुठली तरी खुर्ची सरकली, एक उंच मुलगा टेबलाकडे गेला आणि वाकून लिहायला लागला. त्याच्या मागे दुसरा. मग अशी झुंबड उडाली की कालच्या जेवणाच्या पंगतीलाही तेवढी उडाली नसेल. पेनं इकडून तिकडे जात होती, लोक एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून लिहीत होते. परभणीच्या स्नेहाने माझं पेन घेतलं आणि म्हणाली, "सॉरी हं, मला खरंच पुलांबद्दल विचारतील असं वाटलं होतं." मीही माझ्या दोन्ही प्रतींवर डाव्या हाताने लिहिलं: रामटेके. छापलेल्या नावापुढे ते जरा तिरकंच आलं, पण आलं.

यादी पुन्हा पहिल्यापासून पुकारली गेली. कांबळे, वानखेडे, गायकवाड, मेश्राम, साळवे, वाघमारे, लोखंडे, जाधव, गजभिये. एकेक आडनाव लाउडस्पीकरवरून त्या मंगल कार्यालयात घुमत होतं आणि एकेकच माणूस उठत होता, ताठ. पुण्यात तीन वर्षं राहून ही नावं इतक्या मोठ्या आवाजात मी कधी ऐकली नव्हती. माझं नाव आलं तेव्हा मी इतक्या जोरात "हजर" म्हटलं की पुढच्या रांगेतली मुलं वळून बघायला लागली.

टेबलापलीकडे एक बाई होत्या, पन्नाशीच्या, कारखान्याच्या डिझाइन विभागाच्या प्रमुख. त्यांनी कागदावरचं ते पेनाचं अक्षर पाहिलं आणि विचारलं, "रामटेके. भंडारा की गोंदिया?" मी भंडारा म्हटलं. मग वडील काय करतात. कागदावर मी 'व्यवसाय' असं छापलं होतं. मी सांगितलं, राईस मिलमध्ये ऑपरेटर आहेत, तीस वर्षं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मग मला सांग, रबर रोल झिजला हे त्यांना कसं कळतं?"

हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं आणि मला पूर्ण येत होतं. मी सांगितलं की आधी आवाज बदलतो, साळ सोलणाऱ्या दोन रोलांमधलं अंतर वाढलं की घरघर पोकळ होते. मग बाबा पन्हाळीखाली तळहात धरतात. साळ तशीच न सोलता उतरायला लागली तर एक अर्थ, आणि अंतर फार आवळलं म्हणून कणी वाढली तर दुसरा. दर काही तासांनी हाताने अंतर जुळवावं लागतं, त्यासाठी मशीन थांबवावं लागतं, आणि ते थांबवायचा मालकाला राग येतो. लहानपणी मी डबा घेऊन जायचे तेव्हा बाबा मला डोळे मिटायला सांगून विचारायचे, आवळू का सैल करू? बोलता बोलता मी आमच्या घरच्या बोलीत शिरले, इंग्रजी कधीच सुटलं होतं. बाईंनी मला एकदाही अडवलं नाही. माझ्या प्रोजेक्टचं पान त्यांनी उघडलंच नाही. मध्येच शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाल्या, हे आपण सेन्सर लावून करायला बघतोय ना दोन वर्षं, हे. मग मला म्हणाल्या, सोमवारी कारखान्यात ये, बाकीच्यांशी बोलू, पण माझ्याकडून होय आहे.

सोमवारी बाकीच्यांनीही होय म्हटलं. आज मी त्याच विभागात आहे आणि रोल आपोआप जुळवणारं जे यंत्र आम्ही केलं, ते पहिल्यांदा बाबांच्या मिलमध्ये लावून पाहिलं. पण ते नंतरचं. त्या दिवशी मी कार्यालयाच्या अंगणातून बाबांना फोन केला आणि काय विचारलं ते सांगितलं. ते हसायलाच लागले. "रोल कसा झिजते हे विचारलं? त्यात काय विचाराचं? अन् नोकरी देऊन राहिले त्यावर?" मग म्हणाले, "माहं नाव सांगितलं का तू त्यायले?" मी म्हटलं, पूर्ण सांगितलं.

त्या दिवशी आमच्या कॉलेजातल्या आठांपैकी पाच जणांना होय मिळालं. परभणीच्या स्नेहाला शेजारच्याच टेबलावर पुलांची माणसं भेटली. संध्याकाळी खुर्च्या आवरताना ही बातमी मी धावत सरांना सांगायला गेले, तर ते नोंदणीच्या टेबलापाशी उभे होते. आयोजकांना दिवसभर राबलेल्या स्वयंसेवकांची यादी करायची होती. टेबलावरच्या मुलीने, दिवसभराच्या गोंधळाने शहाणी होऊन, सगळ्यांना बजावलं होतं की पूर्ण नाव लिहा. सरांच्या हातात पेन होतं आणि ते लिहीत नव्हते. काकू त्यांच्या शेजारी, हातात पाण्याची बाटली. चाळीस वर्षं त्या ते 'कर'वालं आडनाव लावत होत्या.

मग सरांनी लिहिलं. सावकाश, ड्रॉइंगवर लिहितात तसं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आणि त्यापुढे नारायण पेठेतल्या तीन दारांत सांगितलं होतं ते आडनाव. लिहून झाल्यावर ते त्या ओळीकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मोकळा दिसला. टेबलावरच्या मुलीला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. ती "पुढचे कोण?" म्हणाली.

"मी," काकू म्हणाल्या. त्यांनी सरांच्या हातातून पेन घेतलं, ती ओळ एकदा वाचली आणि तिच्या खाली आपलं नाव लिहिलं, तेच आडनाव लावून, फळ्यावर लिहायच्या तशा गोल, मोठ्या अक्षरात, शेवटच्या बाकावरून वाचता येईल असं.